नंदीपाशी, साडेअकराला

१३ ऑक्टोबर २००७, शनिवार. आदल्या संध्याकाळी भिजवलेला आठ पौंड साबुदाणा सकाळी सहा वाजता टेबलावर पसरला आणि हाताने मोकळा करायला बसले. नवरात्र लागलं होतं, निम्म्या बायकांचे उपास, म्हणून दुपारच्या कार्यक्रमाला खिचडी ठरली होती. कार्यक्रम म्हणजे आमच्या चीनच्या सहलीचा स्लाइड शो. न्यू जर्सीत पिस्कॅटवेच्या आसपासची आमची मंडळी कुठेही जाऊन आली की महिन्याभरात लायब्ररीचा हॉल घेते आणि पडद्यावर फोटो दाखवते. जे गेले ते बोलतात, जे गेले नाहीत ते खातात. खिचडी माझ्याकडे होती, कारण पन्नास माणसांचा अंदाज मला न मोजता येतो. खरं मोजायचं कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. या प्रकरणात ते माझ्याकडे होतं, आणि मी ते चुकवलं होतं.

बटाटे सोलताना दोनदा हात कापला. एरवी माझा हात कापत नाही. रागात सोलत होते.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. वय अडुसष्ट. तीस वर्षं त्या इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. दोन वर्षांपूर्वी मोठे दीर गेले, तेव्हापासून आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एकट्या राहतात. गाडी स्वतः चालवतात, अंगणात पडलेली पानं स्वतः ओढतात, बर्फ मात्र शेजारच्याकडून काढून घेतात आणि त्याला बदल्यात पुरणपोळ्या देतात. त्यांचा एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असतो. तो शुक्रवारी आला होता. रविवारी अकरा वाजता घर बघायला रिअल इस्टेटवाली बाई येणार होती. घर विकायचं, गाडी विकायची आणि वहिनींनी त्याच्या घरी खालच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला जायचं, असं त्याने ठरवलं होतं. कारण आई चीनमध्ये हरवली.

आई हरवली नव्हती. आम्ही तिला सोडून आलो होतो.

सहलीत आम्ही एकोणतीस जण होतो. चौदा जोडपी आणि वहिनी. पुढारीपण एका निवृत्त इंजिनिअर काकांकडे होतं. गळ्यात शिट्टी, हातात पॅड, डोक्यावर लाल टोपी. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात आणि ते त्यांना आवडतं. आमच्या सहलींत मोजणी जोडीने होते. ही पद्धत कॅप्टनचीच, पंधरा वर्षांपासूनची. बसमध्ये ते "जोडी एक" म्हणतात, त्या जोडीतला पुरुष "हजर" म्हणतो. बायको शेजारी आहे असं धरून चालायचं. दोनदोनची सीटं जोड्यांना, म्हणून वहिनींना पुढे गाइड मुलीशेजारी एकट्याचं सीट दिलं होतं. तेही मीच दिलं होतं. पुढून दिसतं चांगलं, असं म्हणून.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा घसा बसला आणि मोजणी माझ्याकडे आली. मी जशी चालत होती तशी चालवली. चौदा जोड्या मोजायच्या आणि मग पुढे नजर टाकली की वहिनींचे पांढरे केस दिसायचे. त्यांना मी मोजत नव्हते. त्या दिसायच्या.

चौथ्या दिवशी बीजिंगबाहेरचा राजाचा उन्हाळी महाल होता. महाल म्हणतात, पण आहे एक प्रचंड बाग. मोठा तलाव, टेकडी, टेकडीवर देवळं, काठाने राजघराण्याचे दिवाणखाने. पुढच्या वर्षी ऑलिंपिक, त्यामुळे जागोजागी बांबूच्या परांच्या आणि रंगाचे डबे. आम्ही पुलाजवळच्या दरवाज्याने आत शिरलो. तिथेच तलावाकाठी ब्राँझचा एक बैल बसलेला आहे, पुराला अडवण्यासाठी बसवलेला. आमच्या मंडळींनी पाचव्या सेकंदाला त्याचा नंदी केला. एका काकूंनी हातही जोडले. कॅप्टनने शिट्टी वाजवून सगळ्यांना जवळ घेतलं आणि बसक्या आवाजात सांगितलं, "परत भेटायचं इथेच. नंदीपाशी, साडेअकराला. बस इथल्याच गेटवर." हे सगळ्यांनी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं.

काठाने चालत आम्ही एका दिवाणखान्याशी आलो. गाइड मुलगी सांगत होती की शेवटून दुसऱ्या सम्राटाला इथे कोंडलं होतं. तरुण होता, राज्यात सुधारणा करायला गेला, आणि राज्य चालवणाऱ्या त्याच्या मावशीने त्याला आत घालून सगळं स्वतःच्या हातात घेतलं. आमच्यातल्या एकाने "मावशीच ती" म्हणून हशा मिळवला. कॅमेरे निघाले, जोड्या एकेक करून पायरीवर उभ्या राहिल्या, फोटो झाले, सगळे पुढे सरकले.

वहिनी मागे बाजूच्या दाराशी वाकून काचेतून बघत होत्या. मला हाताने बोलावलं.

"हे बघ. दाराच्या आत भिंत आहे."

होती. दार उघडून आत बघायचं तर समोर विटा, वरपासून खालपर्यंत.

"बाहेरून दार कसं ठीक दिसतं," त्या म्हणाल्या. "येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल, मनात आलं की राजा येत असेल बाहेर."

"वहिनी, चला. पुढे लांब व्हरांडा आहे."

"तू जा. मला ते कॅप्टनच्या शिट्टीवर बघायला नको वाटतं. मी इथे बसते जरा, आणि काठाकाठाने नंदीपाशी येते. साडेअकराला."

हे त्यांनी मला सांगितलं. मला. मी "बरं" म्हटलं आणि गेले.

व्हरांडा खरोखर लांब होता. प्रत्येक तुळईवर चित्रं, मान दुखेपर्यंत. त्याच्या टोकाला संगमरवरी बोट, जी कधी हलली नाही आणि हलणार नाही. तिथे गाइडला बसवाल्याचा फोन आला की पुलाकडच्या रस्त्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आहेत. त्यात दुपारचं जेवण एका भारतीय हॉटेलात ठरलं होतं आणि तिथे वेळेत पोचलो नाही तर टेबलं दुसऱ्या ग्रुपला जाणार होती. कॅप्टनने लगेच ठरवलं. पलीकडे नंदीपर्यंत जायचं नाही, इथूनच मागच्या दरवाज्याने बाहेर पडायचं, बस तिकडे येईल. घसा बसलेला, त्यामुळे त्यांनी पुरुषांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "आपापल्या मिसेसला सांगा."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेरा पुरुषांनी तेरा बायकांना सांगितलं. चौदावा माझा नवरा. त्याने मला सांगितलं. आपल्या भावजयीला बायको सांगेल असं त्याला वाटलं. कॅप्टनला वाटलं, त्यांचे दीर सांगतील. आणि मी त्याच वेळी एका काकूंना उलटीची गोळी शोधून देत होते. गोळी सापडली, त्या पाण्याबरोबर ती घेईपर्यंत मी त्यांचा हात धरून उभी होते, मग आम्ही बसकडे चालायला लागलो. वहिनी पलीकडच्या काठावर आहेत हे मी विसरले. यासाठी मी बरेच शब्द शोधून पाहिले आहेत. विसरले, हाच आहे.

बसमध्ये कॅप्टन मधल्या वाटेत उभे होते, पुढचं काही दिसत नव्हतं. मी मोजलं. चौदा आल्या. अंगठा दाखवला. गाइड मुलीने इंग्रजीत विचारलं, "एकोणतीस?" कॅप्टन म्हणाले, "ऑल कपल्स ओके." तिला वाटलं, ही त्यांची पद्धत असेल. होतीच.

हॉटेलात वेटरने एकोणतीस थाळ्या मांडल्या होत्या. एकीसमोर कोणी बसेना. त्या थाळीतली पापडाची घडी मी बघितली आणि वहिनी आठवल्या.

"बाथरूमला गेल्या असतील," कॅप्टन म्हणाले.

"त्या बसमध्येच नव्हत्या."

माझा नवरा उठला. दारापर्यंत आला. कॅप्टनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही जेवून घ्या हो. बायकाबायका जाऊन येतील, गाइड आहे बरोबर." तो परत जाऊन बसला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या थाळीत भात पडत होता. आम्हाला लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली आहेत आणि मी अनेक गोष्टी सोडून दिल्या आहेत. ही सोडलेली नाही.

टॅक्सी, ट्रॅफिक, पुन्हा तिकीट, पुन्हा गर्दी. आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. वहिनी नंदीच्या कट्ट्याला टेकून बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याच वयाची एक चिनी बाई. दोघी काकडी खात होत्या, साल काढलेली, अख्खी.

"किती वाजले?" वहिनींनी विचारलं.

"पावणेदोन."

"मी अकरा वीसला आले. कुठे होतात सगळे?"

"जेवायला."

त्यांनी काकडी चावली. "काय आहे जेवायला?"

"छोले."

"मग ही बरी."

मी रडले वगैरे नाही. त्यांनीही काही नाटक केलं नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, "हलले असते तर तुम्हाला मिळाले नसते. म्हणून लघवीलासुद्धा गेले नाही. आधी ते बघू." गाइड मुलीने त्यांना बाथरूमकडे नेलं. त्या चिनी बाईने उरलेली काकडी माझ्या हातात दिली आणि मला काहीतरी बरंच सुनावलं. भाषा कळली नाही, पण सगळं कळलं.

बसमध्ये आम्ही चढलो तेव्हा टाळ्या पडल्या. कॅप्टनने बसक्या आवाजात जाहीर केलं, "मिसिंग पर्सन सापडल्या." मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "सॉरी हं, तुमच्या वहिनींना त्रास झाला."

"त्रास मला झाला," वहिनी पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "सॉरी इकडे पाठवा."

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसल्या. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. आम्ही परत आल्यावर एका हौशी गृहस्थांनी मंडळाच्या ईमेल यादीवर सहलीचं वर्णन पाठवलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या ज्येष्ठ वहिनी राजवाड्यात अशा रमल्या की वेळेचं भान राहिलं नाही, प्लॅन बदलल्याचं जाहीर झालं तेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही, पण कॅप्टनच्या प्रसंगावधानाने त्या सुखरूप सापडल्या. खाली हसरे चेहरे. ते फिरत फिरत क्युपर्टिनोला गेलं.

पुतण्याचा मला फोन आला. "काकू, बी ऑनेस्ट. आई हल्ली विसरते का?"

"नाही."

"मग हे काय आहे?"

मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण मध्येमध्ये टाइप करत होता, की-बोर्डचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आईपण हेच म्हणते. शी सेज नोबडी टोल्ड हर. पण बाकी सगळे म्हणतात की अनाउन्स केलं होतं. तिला अनाउन्समेंट आठवतच नाही, काकू. दॅट्स व्हॉट वरीज मी."

म्हणजे बघा. न सांगितलेली गोष्ट आठवत नाही, हे लक्षण झालं. ती नाकारते, हे दुसरं लक्षण. ज्याच्यावर आळ त्याने तोंड उघडलं तरी पुरावा, नाही उघडलं तरी पुरावा. आणि बावन्न वर्षांची मी सख्ख्या जावेला तलावाकाठी विसरून आले, तर माझ्यासाठी कोणी डॉक्टरची वेळ घेतली नाही. मी तेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, यू वेअर बिझी." वहिनींसाठी मात्र त्याने मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. नोव्हेंबरात, कॅलिफोर्नियात.

वहिनींना मी विचारलं, तुम्ही त्याला ठणकावून का सांगत नाही? त्या म्हणाल्या, "सांगितलं. आवाज चढवला तर म्हणाला, आई, तू पूर्वी अशी चिडत नव्हतीस." मग थोड्या वेळाने, "खालच्या खोलीला दार मोठं आहे म्हणे. बागेत उघडतं."

तर त्या शनिवारी दुपारी दोन वाजता मी खिचडीचे तीन ट्रे लायब्ररीच्या हॉलमध्ये नेले. वहिनी काकडीची कोशिंबीर घेऊन स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. पुतण्या त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून आला होता आणि उतरल्यावर मला हळूच म्हणाला, "शी ब्रेक्स टू लेट." मी त्याला ट्रे धरायला दिला.

स्लाइड शो कॅप्टन चालवत होते. चीनची भिंत झाली, चहाचं दुकान झालं, महाल आला. तलाव, पूल, व्हरांडा. मग नंदी. नंदीशेजारी कोणीतरी कॉम्प्युटरवर वहिनींचा चेहरा चिकटवला होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हरवल्या आहेत. रंग गोरा, उंची पाच फूट, मराठी बोलतात.

हॉल खदखदून हसला. वहिनी हसल्या नाहीत. पुतण्या पडद्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता, डॉक्टर बघतो तसा.

माझ्या हातात झारा होता. मी तो ठेवला नाही, विसरले. पुढे गेले आणि म्हटलं, "काका, ही स्लाइड राहू दे अशीच. मला दोन मिनिटं विचारायचं आहे."

"खिचडी तयार का?" कॅप्टन म्हणाले. पुन्हा हशा.

"खिचडी तयार आहे. प्लॅन बदललात तेव्हा वहिनींना कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांना नाही. पुरुषांना. तुम्ही म्हणालात, आपापल्या मिसेसला सांगा."

"तेच ते हो."

"तुम्ही कोणाला सांगितलंत?" मी पहिल्या रांगेतल्या एकाला विचारलं.

"हिला," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"हिला."

"तुम्ही?"

तिसऱ्याने बायकोकडे बोट दाखवलं. मी माझ्या नवऱ्याकडे वळले. तो मागच्या रांगेत होता. "तुम्ही?"

"तुला," तो म्हणाला. आवाज नीट आला नाही, पण हॉलमध्ये तोवर शांतता झाली होती.

"आणि मी कोणालाही नाही. मी बसमध्ये चौदा जोड्या मोजल्या आणि अंगठा दाखवला. ही बाई सांगितलेल्या जागी सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर होती. हरवलो आम्ही अठ्ठावीस."

"जाऊ द्या हो," एक काकू म्हणाल्या. "सणाचे दिवस. गंमत केली त्यांनी."

"काकू, या गमतीपायी त्यांचं घर विकायला निघालंय."

बरेच जण खाली बघायला लागले. काहींना माहीत होतं, काहींना नव्हतं. तेवढ्यात पुतण्या उठला. राग त्यालाही आला होता, चारचौघांत त्याचं घर काढलं म्हणून. "काकू, ओके. नोबडी टोल्ड हर. फाइन. बट आई सॅट देअर फॉर टू अँड हाफ अवर्स. फोन का नाही केला? कॅप्टन अंकल मला म्हणाले, प्रत्येकाला हॉटेलचा आणि गाइडचा नंबर असलेलं कार्ड दिलं होतं. नॉर्मल पर्सन कार्ड काढून कोणाला तरी फोन करायला सांगतो."

हे मला माहीत नव्हतं, की त्याचं सगळं या कार्डावर अडलं आहे. मी वहिनींकडे बघितलं.

"मला कार्ड नव्हतं," वहिनी म्हणाल्या.

"आई, सगळ्यांना दिलं होतं."

"मला नव्हतं."

"सी?" तो मला म्हणाला.

मी मागच्या रांगेत गेले आणि नवऱ्यापुढे हात धरला. "पाकीट." तो पाकीट कधी साफ करत नाही. गेल्या वर्षीच्या चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा त्यात असते. कार्ड होतं. कॅप्टननेच घरी छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून आणलेलं. मी ते पुतण्याच्या हातात दिलं. वरच्या ओळीत जाड अक्षरांत होतं: जोडी क्रमांक ९. खाली दोघांची नावं, मग फोन नंबर.

त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. त्याने वाचलं.

"किती छापली होतीत, काका?" मी विचारलं.

कॅप्टनने टोपी काढली. "चौदा," ते म्हणाले. "प्रत्येक जोडीला एक. वहिनी तुमच्याबरोबरच म्हणून..."

कोणीतरी स्लाइड बदलली. वहिनी उठल्या, कोशिंबिरीवरचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "पाणी सुटतंय. वाढून घ्या." लोक रांगेत उभे राहिले. खिचडीचा एक ट्रे उरला, हे माझ्या हातून पहिल्यांदाच झालं.

पार्किंगमध्ये पुतण्या मला म्हणाला, "यू कुड हॅव टोल्ड मी प्रायव्हेटली."

"सांगितलं होतं. तू टाइप करत होतास."

तो म्हणाला, ती रिअल्टर बाई तरी येऊन जाऊ दे, नुसतं बघायला, त्यात काय बिघडतं. मला कळलं की हा अजून मागचं दार उघडं ठेवतो आहे. क्युपर्टिनोला गेला की पुन्हा ईमेल वाचेल, आणि ईमेलमध्ये लिहिलेलं हॉलमध्ये बोललेल्यापेक्षा टिकतं. कार्ड मी त्याच्याकडून परत घेतलं.

घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, "कॅप्टनचं तोंड उतरलं होतं गं. एवढं करायला नको होतंस."

"तुम्ही जेवलात त्या दिवशी," मी म्हटलं.



दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसहाला मी कॉम्प्युटरवर एक पान टाइप केलं. इंग्रजीत, कारण ते पुतण्याने वाचायचं होतं. काय ठरलं होतं, कुठे आणि किती वाजता. प्लॅन कोणी बदलला, कोणाला सांगितला, कोणाला नाही. कार्डं किती होती. मोजणी कोणी चुकवली. शेवटच्या मुद्द्यापुढे माझं नाव. खाली मी सही केली. नवरा चहा करायला आला तेव्हा त्याच्यापुढे पान ठेवलं. त्याने वाचलं, पेन मागितलं, सही केली.

साडेआठला कॅप्टनच्या दारात उभी होते. ते स्वेटर घालून आले, दात घासायचे होते.

"अहो, सही कशाला? मी फोन करतो ना त्याला."

"सही."

"लीगल काही नाही ना?"

"नाही. जे झालं तेच आहे. वाचा."

ते दारातच वाचत राहिले. त्यांच्या बायको मागून आल्या, खांद्यावरून वाचलं, आणि त्यांच्या हातातून पेन घेऊन आधी स्वतः सही केली. "मला सांगितलं होतं यांनी," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही सांगितलं. मी बघितलं होतं, आणि मीपण बोलले नाही." मग पेन नवऱ्याला दिलं. त्यांनी सही केली. ईमेल यादीवर हेच पान आजच्या आज पाठवा असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "मला कॉपी पाठवा."

सव्वानऊला वहिनींकडे पोचले. वहिनी मागच्या अंगणात पानं ओढत होत्या. पुतण्या स्वयंपाकघरात सिरीयल खात होता. मी पान त्याच्यापुढे ठेवलं, वर जोडी क्रमांक ९चं कार्ड. त्याने चमचा ठेवला आणि शेवटपर्यंत वाचलं.

"यू साइन्ड दॅट इट वॉज युअर मिस्टेक."

"होती."

त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. वहिनींनी पानांचा ढीग केला होता आणि आता दुसऱ्या बाजूला लागल्या होत्या.

"आय विल कॉल द रिअल्टर," तो म्हणाला.

"आत्ता कर. अकराला येणार आहे ती."

"रविवार आहे, काकू. नऊ वाजलेत."

"मेसेज ठेव."

त्याने फोन उचलला. मेसेज ठेवला, आज येऊ नका, गरज नाही. डॉक्टरची वेळ रद्द करायला ऑफिस सोमवारी उघडणार होतं. ते मी कॅलेंडरवर लिहिलं आणि त्याला दाखवलं. मग मागच्या दाराने वहिनींना सांगून निघाले. घरी ट्रे भिजत पडले होते.